गिऱ्हाईक की पाहुणा?



आम्ही पांढुर्णा-सौसरकडची माणसे. समुद्र आमच्या वाट्यास आलेला नाही. आमच्याकडे जाम नदी आहे, काळी जमीन आहे, कपाशी आहे, संत्र्यांच्या बागा आहेत. पण समुद्र आम्ही शास्त्रातच वाचलेला. शब्बाथशाळेत वादळ शांत केल्याची गोष्ट सांगताना आम्ही कित्येकदा मुलांना गावचा तलाव डोळ्यांपुढे आणावयास सांगितला आहे, आणि पौलाच्या प्रवासाचा नकाशा फळ्यावर काढताना कुप्र, क्रेत, मिलिता ही बेटे खडूच्या ठिपक्यांनी दाखविली आहेत. ठिपक्यावर माणसे राहतात, हे मुलांना सांगण्याचे मात्र बहुधा राहून जात असे. आजचा विषय त्या राहून गेलेल्या गोष्टीचाच आहे.

दोन वर्षांमागे आमच्या मेहुण्यांच्या लग्नास पंचवीस वर्षे पूर्ण झाली. ते मुंबईस नोकरीस असतात. त्या आनंदाप्रीत्यर्थ त्यांनी आप्तांपैकी काही जोडप्यांस लक्षद्वीपच्या समुद्रसफरीस नेण्याचे ठरविले व आम्हां उभयतांचा खर्चही स्वतःच सोसला. नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेसने आम्ही मुंबईस गेलो आणि दुपारी बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर त्या जहाजापुढे उभे राहिलो. जहाज कसले, एक उभे गावच ते! जेवणघरे, दुकाने, नाटकगृह, पोहण्याचा हौद, आणि हजाराहून अधिक प्रवासी. चार रात्रींचा प्रवास होता. एक दिवस नुसत्या पाण्यातून, एक दिवस बेटावर, पुन्हा एक दिवस पाण्यातून, आणि परत मुंबई. पूर्वी अशी सफर परदेशी श्रीमंतांनीच करावी असे होते. अलीकडच्या काळात मुंबईहून आपल्या लोकांसाठी अशी जहाजे निघू लागली आणि मध्यमवर्गातील कुटुंबेही आता जाऊ लागली आहेत. आपल्या मंडळ्यांतूनही कोणी गेले असतील, कोणी जातील. म्हणून हे लिहीत आहोत.

लक्षद्वीपची बेटे छत्तीस. सगळ्यांची जमीन एकत्र केली तर सुमारे ३२ चौरस किलोमीटर; आमच्या एका तालुक्यात अशी कितीतरी लक्षद्वीपे मावतील. वस्ती दहा बेटांवर आहे, आणि २०११ च्या जनगणनेत सर्वांची मिळून लोकसंख्या ६४ हजारांच्या वर भरली. बहुतेक सर्व लोक मुसलमान आहेत. नारळ आणि मासेमारी यांवर त्यांचा संसार चालतो. आमचे जहाज ज्या बेटासमोर थांबले त्याचे नाव अगत्ती. ते नाव ऐकताच आम्हांस आपला ‘अगत्य’ हा शब्द आठवला. दोन शब्दांचे नाते जोडण्याचा आमचा हेतू नाही, पण तो शब्द त्या दिवशी मनात घर करून बसला एवढे खरे.

मोठे जहाज बेटाला लागू शकत नाही. बेटाभोवती पोवळ्यांची रांग असते आणि तिच्या आतले पाणी उथळ. म्हणून जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते व लहान होड्या प्रवाशांना नेतात-आणतात. आम्हांस पोहता येत नाही. जहाजाच्या दारातून हलत्या होडीत पाय टाकताना आमचे धैर्य खचले. तेव्हा होडीतील एका मनुष्याने, वयाने आमच्याच बरोबरीचा असेल, आमचा हात मनगटापाशी घट्ट धरला, दुसरा हात पाठीस लावला आणि लेकराला उतरवावे तसे आम्हांस होडीत उतरवून घेतले. किनाऱ्याशी त्यानेच उतरविले. संध्याकाळी परत चढतानाही हात त्याचाच होता.

बेटावर आम्ही पाच तास होतो. निळे-हिरवे पाणी पाहिले, तळाला काच बसविलेल्या होडीतून पोवळी आणि मासे पाहिले, शहाळ्याचे पाणी विकत घेऊन प्यालो, वाळूत चाललो, आणि छायाचित्रे काढली. मग होडी, मग जहाज, मग जेवणाची घंटा. परमेश्वराची सृष्टी किती सुंदर आहे, असे आम्ही उभयतांनी त्या रात्री प्रार्थनेत म्हटले, आणि ते मनापासून म्हटले.

पुढच्या एका रविवारी सौसरात भक्ती संपल्यावर मंडळीच्या आग्रहावरून आम्ही ती छायाचित्रे भिंतीवर दाखविली. मुले हरखून गेली. होडीत उतरतानाची आमची फजितीही आम्ही रंगवून सांगितली, सगळे हसले. मागच्या बाकावर आमच्या मंडळीतील एक आजीबाई बसल्या होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, सारा जन्म कपाशी वेचण्यात गेलेला. त्यांनी विचारले, “काहो भाऊ, पाच घंटे होते तुमी तिथं. कोनाच्या घरचं पानी पेले?”

आम्ही म्हणालो, “आजी, पाणी जहाजाचेच होते. बाटल्या बरोबर दिल्या होत्या.”

“असं होय. अन् ज्यानं हात धरून उतरवलं, त्याचं नाव काय?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. आजीबाईंनी “बरं, बरं” म्हटले आणि पदर सावरून घरी गेल्या. त्यांना आम्हांस टोचावयाचे नव्हते. गावाहून आलेल्या माणसाला जे विचारावयाचे तेच त्यांनी विचारले. परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला आणि अद्याप गेलेला नाही.

आम्ही त्या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. आपल्याकडे दारात आलेला मनुष्य दोन प्रकारचा असतो. एक गिऱ्हाईक, दुसरा पाहुणा. गिऱ्हाईक पैसे मोजतो, वस्तू घेतो, आणि तेथेच हिशेब पुरा होतो. त्याने दुकानदाराचे नाव विचारले नाही म्हणून कोणी त्यास दोष देत नाही. पाहुण्याचे तसे नाही. त्यापुढे पाण्याचा तांब्या येतो, गुळाचा खडा येतो, आणि तो जेव्हा उठून जातो तेव्हा काहीतरी देणे डोक्यावर घेऊन जातो. ते पैशाने फिटत नाही. ते फेडण्यासाठी पुन्हा यावे लागते, किंवा त्यांना आपल्या घरी बोलवावे लागते, किंवा निदान त्यांची आठवण प्रार्थनेत ठेवावी लागते. गिऱ्हाइकाने व्यवहार चालतो, पाहुण्याने नाते जडते. प्रवास करणाऱ्या ख्रिस्ती मनुष्याने कोणत्या बेटावर, कोणत्या गावात, यांपैकी कोण होऊन उतरावे, हा खरा प्रश्न आहे.

शास्त्रात जहाजातून बेटावर उतरल्याची सर्वांत सविस्तर हकिगत प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या २७ व २८ व्या अध्यायांत आहे. जहाजावर २७६ माणसे होती. पौल त्यांत एक कैदी. चौदा रात्री वादळाने झोडपल्यावर जहाज फुटले आणि सगळे मिलिता बेटाच्या किनाऱ्यास लागले. तेच आजचे माल्टा. तेथे आजही दर वर्षी १० फेब्रुवारीस पौलाच्या जहाजफुटीचा सण पाळतात, आणि तेथील वॅलेटा बंदरात आमच्यासारख्या प्रवाशांची मोठमोठी जहाजे लागतात. लूक त्या बेटावरील लोकांसाठी जो ग्रीक शब्द वापरतो त्याचा अर्थ एवढाच की, ज्यांची बोली ग्रीकांना कळत नसे असे लोक. म्हणजे बोलणे समजण्याचीही सोय नव्हती. तरीही पाऊस आणि थंडी पाहून त्यांनी विस्तव पेटविला आणि सर्वांस जवळ घेतले. त्यांच्या ह्या वागण्यास लूक जो शब्द योजतो त्याचा अर्थ ‘माणसांवरील प्रीती’ असा आहे. सुवार्ता अद्याप त्यांच्या कानांवर गेली नव्हती, पण प्रीती त्यांच्या घरी अगोदरच होती. हे आपण उपदेशकांनी विसरू नये.

आता पौल काय करितो ते पाहा. तो थकलेला आहे, भिजलेला आहे, कैदी आहे. शेकत बसावयाचा त्यास पूर्ण हक्क होता. परंतु तो उठून काटक्या गोळा करितो आणि विस्तवावर घालितो. ह्या वचनावर उपदेश करताना आपण सगळे काटक्यांतून निघालेल्या सापाकडे धावतो. आम्हीही वर्षानुवर्षे सापावरच बोललो. काटक्यांवर एकदाही बोललो नाही. आग यजमानांची होती; पौलाने तिच्यात आपली मोळी घातली. त्याच क्षणी तो आश्रितांमधून पाहुण्यांत आला. पुढे पुब्ल्याच्या घरी तीन दिवस पाहुणचार झाला; पुब्ल्याचा बाप ताप आणि हगवण यांनी आजारी होता, त्याच्यापाशी आत जाऊन पौलाने प्रार्थना केली. बेटावर तीन महिने गेले. निघताना बेटकरांनी लागेल ते सर्व जहाजावर चढवून दिले. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले, आणि कोण कोणाचा ऋणी हे शेवटी सांगता येऊ नये अशी स्थिती झाली. पाहुणेपणा तो हाच.

ह्यावर आक्षेप निघतील. ते आम्ही स्वतःशीच घेतले आहेत, म्हणून येथे मांडतो.

पहिला आक्षेप असा की, पौलास तीन महिने मिळाले, आम्हांस पाच तास. पाच तासांत कोणाचा पाहुणा होणार? हे म्हणणे ऐकावयास बरे वाटते. परंतु आपला प्रभू यरीहोतून नुसता चालला होता, असे लूक १९ व्या अध्यायात आहे. तेथे त्यास राहावयाचे नव्हते. तरी झाडाखाली थांबून त्याने वर पाहिले आणि जक्कयास नावाने हाक मारिली. मग त्याच्याच घरी उतरला. नाव घेण्यास किती वेळ लागतो? आमच्या होडीवाल्याने आमचा हात चार वेळा धरला. चारांपैकी एका वेळी आम्ही आपले नाव सांगून त्याचे विचारले असते, तर जहाज आमच्यावाचून निघून गेले नसते. वेळ थोडा होता हे खरे. परंतु होता तेवढा आम्ही छायाचित्रांस दिला, हेही खरे.

दुसरा आक्षेप पाण्याचा. आजीबाईंच्या प्रश्नानंतर आम्ही त्या बेटांविषयी वाचू लागलो. तेथे नदी नाही, ओढा नाही. पावसाचे पाणी पोवळ्यांच्या वाळूत मुरते, आणि खालच्या खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते. विहिरींना येते ते ह्या थराचे पाणी. उपसा अधिक झाला की खारे पाणी वर चढते आणि विहीर नासते. म्हणून २००५ साली कवरत्ती बेटावर समुद्राच्या खोल थंड पाण्याच्या साहाय्याने दररोज एक लाख लिटर गोडे पाणी तयार करणारे यंत्र बसवावे लागले. पुढे अगत्तीतही तसे यंत्र बसले. तेव्हा हजार प्रवाशांनी बेटावर उतरून घरोघर पाणी मागितले, तर ते अगत्य नव्हे, लूट होईल. आपले पाणी आपण नेणे हीच तेथे प्रीती. मग आजीबाईंचा प्रश्न चुकीचा ठरला काय? नाही. कारण पाण्याची ही सारी हकिगत आम्हांस सौसरात बसून कळली. बेटावर पाच तास असताना, “तुमच्याकडे पाण्याचे कसे?” असे आम्ही एकासही विचारले नव्हते. दुष्काळी गावातल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न सर्वांत आधी यावयास हवा होता. न घेणे हीसुद्धा प्रीती होऊ शकते. पण न विचारणे कधीही प्रीती होत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत बळकट आहे. प्रवासी येतात म्हणून होडीवाल्यास, शहाळेवाल्यास चार पैसे मिळतात. ते न गेले तर त्यांचे पोट कसे चालेल? ह्याची जगापुढे मोठी कसोटी २०१० साली लागली. हैती देशात १२ जानेवारी २०१० रोजी भूकंप झाला आणि लाखाहून अधिक माणसे मेली. त्याच देशाच्या उत्तर किनाऱ्यावर, भूकंपाच्या जागेपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर, लाबादी नावाचा कुंपण घातलेला किनारा एका जहाज कंपनीने भाड्याने घेतलेला होता. भूकंपानंतर तीनच दिवसांनी, १५ जानेवारीस, तिचे प्रवासी जहाज तेथे लागले. प्रवासी पोहावयास व खाण्यापिण्यास उतरले. जगभर संताप उसळला. कंपनीचे म्हणणे असे की, त्याच जहाजांतून मदतीचे अन्नधान्य व पाणी उतरविले गेले, आणि जहाज न थांबविले तर तेथील कामगारांची मजुरीही बुडेल. हे म्हणणे खोटे नव्हते. तरी जहाजावरील काही प्रवाशांना किनाऱ्यावर उतरवेना. ते वरच राहिले.

उतरलेले पापी आणि न उतरलेले धार्मिक, असा निवाडा आम्ही करणार नाही. न उतरल्याने कोणा भुकेल्याचे पोट भरले नाही. उतरल्याने निदान कोणाची मजुरी झाली. परंतु “आम्ही पैसे दिले” एवढ्याने ख्रिस्ती मनुष्याचे समाधान व्हावे काय? योहानाच्या ४ थ्या अध्यायात शिष्य सूखार गावात अन्न विकत घ्यावयास गेले. पैसे दिले, अन्न घेतले, परत आले. त्यांत काही अपराध नव्हता. पण गाव पाहून आलेल्या शिष्यांमागून गावातले एकही माणूस आले नाही. प्रभू मात्र विहिरीवर बसून राहिला आणि परक्या बाईपाशी त्याने प्यावयास पाणी मागितले. ती घागर ठेवून गावात गेली आणि सारे गाव घेऊन आली. मग लोकांच्या विनंतीवरून तो तेथे दोन दिवस राहिला. शिष्य गिऱ्हाईक म्हणून गेले होते, प्रभू गरजवंत म्हणून बसला होता. ज्याला कशाचीच गरज नाही, ज्याचे सर्व काही जहाजावर आहे, त्यास पाहुणा होणे फार कठीण.

जेव्हा पाहुणे विसरतात तेव्हा शेवटी बेटांनाच हिशेब मांडावा लागतो. ग्रीस देशातील सँटोरिनी ह्या पंधरा हजारांच्या आसपास वस्तीच्या बेटाने दिवसाला आठ हजारांहून अधिक जहाजप्रवासी नकोत अशी मर्यादा घातली. आणि जुलै २०२५ पासून तेथे गर्दीच्या महिन्यांत उतरणाऱ्या प्रत्येक जहाजप्रवाशामागे २० युरो कर घेण्यात येऊ लागला. यजमानास दारात उभे राहून माणसे मोजावी लागतात, हे यजमानाच्या मनाच्या कोतेपणाचे लक्षण नव्हे.

वाचकहो, बेटकरांचे हे मन आम्हांस दुरून समजून घ्यावे लागत नाही. आम्ही पांढुर्ण्याचे. वर्षातून एक दिवस आमचे गावही बेट होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठाने पांढुर्णा, दुसऱ्या काठाने सावरगाव, असे एकमेकांवर दगड चालतात. त्या गोटमारीत दर वर्षी शेकडो डोकी फुटतात. कित्येक वर्षांत जीवही गेले आहेत. सरकारने रबरी चेंडू देऊन पाहिले, बंदी घालून पाहिली. ती प्रथा टिकावी असे आम्ही म्हणत नाही; तिच्यासाठी आम्ही प्रार्थनाच करितो. परंतु त्या दिवशी बाहेरगावाहून लोक गाड्या करून येतात, गच्च्यांवर उभे राहतात, रक्त दिसले की छायाचित्रे घेतात, आणि सूर्यास्ताला घरी जातात. आम्ही लहान असताना आमच्या गल्लीतील एक घर तो दिवस संपल्यावर रात्रभर जागे होते. घरातला मुलगा डोके फुटून पडला होता. दिवसभर त्याच गच्चीवर उभे राहिलेल्यांपैकी कोणी दुसऱ्या दिवशी विचारावयास आले नाही. त्यांच्या घरी पांढुर्ण्याची छायाचित्रे आजही असतील. पांढुर्ण्याच्या माणसाचे नाव नसेल. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, नाव मोठे झाले; पण बाहेर कोणास सांगितले की आम्ही पांढुर्ण्याचे, तर पहिला प्रश्न अजून दगडांचाच येतो. पाहिले जाणे म्हणजे ओळखले जाणे नव्हे, हे आम्ही लहानपणापासून जाणतो. आणि जाणूनही अगत्तीवर आम्ही त्या गच्चीवरच्या लोकांसारखेच वागलो.

येथवर लिहून थांबता आले असते. पण आजीबाईंच्या प्रश्नाने आणखी एक दार उघडले, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

सौसर तालुक्यातील एका खेड्यात आपली चार-पाच घरे आहेत. गेली नऊ वर्षे महिन्यातून एकदा आम्ही तेथे भक्तीसाठी जातो. मोटरसायकलीवर जावयाचे, ओसरीवर शास्त्रपाठ, उपदेश, प्रार्थना, चहा, आणि दिवेलागणीच्या आत परत. अहवालात आम्ही ‘भेट दिली’ असे लिहितो. समुद्रसफरीच्या आदल्या वर्षी एकदा आम्ही तेथे गेलो तेव्हा ज्या घरी भक्ती होत असे त्या घरचा बंधू जेमतेम बोलला. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, “भाऊ, तुमी महिन्याच्या महिन्याले येता, चांगलं सांगता. माय चार महिने आतल्या खोलीत खाटेवर होती. भिंतीआडून तुमची प्रार्थना आयकत होती. तुमी कधी आत नाही आले.” त्याची आई मागल्याच आठवड्यात गेली होती.

तेव्हा आम्ही क्षमा मागितली व ती त्याने दिली. पण मनात आम्ही स्वतःस सोडवीत होतो: आम्हांस कोणी सांगितले नाही, आमच्याकडे इतर गावेही आहेत, अंधाराआधी रस्ता काटावा लागतो. आजीबाईंनी होडीवाल्याचे नाव विचारले तेव्हा ह्या सबबी गळून पडल्या. आम्हांस कळले की, अगत्तीवर आम्ही जे केले ते समुद्रावर गेल्यामुळे केले नव्हते. ती आमची जुनी सवय होती. नऊ वर्षे आम्ही त्या खेड्याच्या किनाऱ्याशी नांगर टाकीत होतो, लहान होडीने ओसरीपर्यंत जात होतो, आणि जेवणाच्या घंटेपूर्वी परत येत होतो. फरक एवढाच की तेथे आम्ही पैसे देत नव्हतो, उपदेश देत होतो. आणि दिला की हिशेब पुरा झाला असे समजत होतो. उपदेशकसुद्धा गिऱ्हाइकासारखा वागू शकतो. पौल पुब्ल्याच्या बापाकडे आत गेला होता. तीन दिवसांच्या पाहुण्यास आतल्या खोलीतला आजारी ठाऊक झाला; नऊ वर्षांच्या उपदेशकास झाला नाही.

मग काय करावे? समुद्रसफर करू नये काय? असे आम्ही म्हणत नाही. देवाने समुद्र निर्माण केला तो सर्वांनी पाहावा. मेहुण्यांच्या प्रेमाबद्दलही आम्ही आभारी आहोत. परंतु शब्बाथशाळेच्या शिक्षकबंधुभगिनींस आमची एक विनंती आहे. पौलाच्या प्रवासाचा नकाशा काढाल तेव्हा प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून मुलांना विचारा, येथे कोण राहत होते? पौलाने येथे कोणाच्या घरी अन्न घेतले? आणि सहलीला मुले नेलीत, मग ती पचमढीस असो वा गोव्यास, तर परतल्यावर काय काय पाहिले एवढेच विचारू नका. कोण भेटले, त्याचे नाव काय, त्याच्याकडे पाण्याचे कसे आहे, हेही विचारा. ज्या मुलास एक नाव सांगता आले ते मूल खरे प्रवास करून आले.

आणि जे उपदेशास, भेटीस, सभेस गावोगाव जातात त्या बंधूंनी आतल्या खोलीत जावे. एवढेच.

ह्या वर्षी माघात आम्ही त्या खेड्यात रात्रीच्या मुक्कामास गेलो. बरोबर पांघरूण घेतले होते. बंधूने प्रथम विश्वास ठेवला नाही. दिवेलागणीस त्याने मोटरसायकलीकडे दोनदा पाहिले. थंडी होती. अंगणात त्याने शेकोटी पेटविली. कुडाशी तुराट्यांची रास होती. आम्ही उठून एक कवळी आणली आणि विस्तवावर टाकली. त्याने “राहू द्या भाऊ” म्हटले, पण अडविले नाही. रात्री उशिरापर्यंत तो आपल्या आईविषयी बोलत होता. आम्ही त्या दिवशी उपदेश केला नाही.

अगत्तीच्या होडीवाल्याचे नाव आम्हांस अद्याप ठाऊक नाही, आणि आता कळण्याचा संभव नाही. तरी कौटुंबिक प्रार्थनेत आम्ही त्याची आठवण करितो. “ज्याने आमचा हात धरिला तो,” असे म्हणतो. परमेश्वरास त्याचे नाव ठाऊक आहे, हा आमचा आधार आहे. आणि आम्ही ते विचारले नाही हेही त्यास ठाऊक आहे.